परक्या पावलांचे ठसे

चामलक, ९ डिसेंबर १९९३

माझ्या कोकरा निलाय,

आधी सलाम, मग तुझ्या दोन्ही डोळ्यांवर एकेक मुका. आमची खबर विचारशील तर बरी आहे, तुमचीही तशीच असो. अक्षर वाकडं वाटलं तर कागद जरा तिरका धर, सरळ दिसेल. बायकांच्या वर्गात मास्तरीणबाईंनी जेवढं शिकवलं तेवढंच माझ्यापाशी आहे, आणि त्यातलंही निम्मं पिवळी गाय व्याली त्या आठवड्यात बुडालं.

तुझ्या बापाने अखेर मनासारखं केलं. पानगळीत आला तेव्हा मला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की बर्फ वितळेपर्यंत गोठा आणि शेजारची गुल्बेयाज सोडली तर कुठे पाऊल टाकणार नाही. टाकलं तर घराला कुलूप, आणि मी इझमीरला तुमच्या मागच्या खोलीत. का, तर गेल्या वर्षी मनगट मोडलं. अगं, मनगट मोडलं ते माझ्याच स्वयंपाकघरात, सांडलेल्या ताकावर पाय घसरून. साऱ्या गावाला ठाऊक आहे, तुझ्या बापाला, ओरहानलाही आहे. पण ताकाला कोणी बोल लावत नाही, बर्फाला लावतात. औषधाचं दुकान चालवतो म्हणून त्याला सगळ्यांची हाडं काचेची दिसतात.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. जाताना खुंटीवरचे माझे बर्फावर चालायचे हेदिक काढून गाडीत टाकले. तुझ्या आजोबांनी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हेझलच्या काठ्या वाकवून मला करून दिलेले, बैलाच्या चामड्याची जाळी विणलेले. त्याने हिशोब केला, पायाखालची जाळीच नेली की म्हातारी बर्फावर जाईल कशी.

तर मी आता शहाण्यासारखी शेगडीपाशी बसते आणि मोजे विणते. बाहेर काय चाललंय मला काय ठाऊक. पण यंदाचा बर्फ फार देखणा पडलाय, निलाय. खाली घट्ट आणि वर चाळलेल्या पिठासारखा. पाय पडला की असा मऊ आवाज येतो, जशी गाय गवत खाते. वरच्या कुरणाकडे पाइनच्या फांद्या इतक्या वाकल्यात की खालून रांगत जावं लागतं, आणि वर मानेत बर्फ पडतो. मोठ्या खडकाच्या आडोशाला एक ससा राहायला आलाय. सकाळी बाहेर येऊन कान साफ करतो, अगदी नमाजाआधी आपले इमामसाहेब करतात तसा, आधी उजवा मग डावा.

तुझ्या बापाचे मोजे झालेत. राखाडी केलेत, त्याच्या स्वभावाला शोभतील असे.

तुझी आजी नाजिये


इझमीर, २१ डिसेंबर १९९३

आजी,

तुझा हात ओठांना आणि कपाळाला लावून लिहायला घेते.

तुझं पत्र बाबांनी मला जेवणाच्या टेबलाशी मोठ्याने वाचायला लावलं. मोज्यांचं ऐकून खूश झाले. स्वभावाची ओळ मी गाळली. सशाचीही गाळली, कारण आजी, शेगडीपाशी बसलेल्या बाईला वरच्या कुरणावरचा ससा आधी उजवा कान साफ करतो की डावा, हे कसं कळतं? तुझ्या खिडकीतून फक्त जेमालकाकांचं गवताचं कोठार दिसतं. मी लहान असताना तासन् तास तेच पाहिलंय.

तुझे हेदिक आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर आहेत. आईने त्यांना प्लास्टिकची वेल गुंडाळली आहे. समोरच्या काकूंनी विचारलं, हे गालिचे झोडपायचं का? बाबांनी त्यांना हेदिक म्हणजे काय ते इतकं समजावून सांगितलं की त्या चहा न पिताच गेल्या. जागा छान आहे, हीटरच्या बरोबर वर, त्यामुळे आल्याआल्या नजर जाते.

एक वाईट बातमी. बाबांनी मागच्या खोलीला रंग दिलाय. फिका हिरवा. आणि बाल्कनीत तुझ्यासाठी हाताची खुर्ची आणून ठेवलीये. समोरच्या बाल्कनीत एक आजोबा रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या लावतात. बाबा म्हणतात, आईचा वेळ मजेत जाईल.

म्हणून सांगते, मोजे विण. आणि सशाबद्दल लिहायचं असेल तर वेगळ्या कागदावर लिही.

तुझी निलाय


चामलक, ३ जानेवारी १९९४

माझ्या लबाड कोकरा,

सलाम, मुके, सगळं नेहमीचं. मधे रस्ता बंद होता, मिनीबस खालच्या पुलाशीच अडकली होती, म्हणून तुझं पत्र ड्रायव्हरच्या उशीखाली राहिलं. वाचलं नाही म्हणतो. पण मला पाहिल्याबरोबर सशाची चौकशी केली.

ससा मला गुल्बेयाजने सांगितला. ती जाते ना वर. पहाटे नवरा घोरत असतो तेव्हा ही कणीक मळायची मोठी काथवट पाठीवर घेते, पायात हेदिक बांधते आणि निघते. बरोबर आणखी बायका असतात, जेमालची बायकोसुद्धा. वर गेल्यावर स्वच्छ बर्फ वाटीत घेऊन त्यावर तुतीचा पाक ओततात. मग काथवटीत बसून कुरणाच्या उतारावरून खाली. दोघी बसल्या तर नीट जाते. मी पुढे बसले तर ती डावीकडे ओढते, म्हणून मला मागे बसवतात. म्हणजे बसवायच्या. पूर्वी. आता मी फक्त ऐकते.

एक काम आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नकोस. हेदिक हीटरवरून काढायला सांग. चामड्याची जाळी उबेत टांगायची नसते, वाळून पापडासारखी होते. थंड भिंतीला लाव म्हणावं, वेलीसकट लावले तरी चालतील. चामलकमध्ये जन्मलेल्या माणसाने असं करावं? हे म्हणजे पोहता येत नाही आणि मासा आहे म्हणून सांगतो, तसं झालं.

आणखी गंमत सांगते. आपला रिझा आहे ना, मधमाश्यांवाला, ज्याची बायको तीन उन्हाळ्यांपूर्वी गेली. त्याला काहीतरी झालंय. रोज दाढी करतो. नवी टोपी आणलीये. परवा मधाची बरणी घेऊन दारात आला, म्हटलं बस, चहा घे. बसला नाही, नुसता मिशीत हसत उभा राहिला, आणि म्हणाला, "नाजिये बाई, लोक बोलतात, बोलू द्या." कोण काय बोलतात ते विचारेपर्यंत गेलासुद्धा. एवढी वर्षं माश्यांत राहून एखादी डोक्यात शिरली असणार.

मध मात्र फर्मास आहे. आणि ती खुर्ची दुकानात परत देता येते का, विचारून ठेव.

आजी


इझमीर, १३ जानेवारी १९९४

आजी,

तुझा हात कपाळाला लावते, आणि आज जरा जास्त वेळ लावून ठेवते, कारण मला हसू आवरत नाही आणि ते तुला दिसू नये.

शुक्रवारी बाबांनी नेहमीप्रमाणे जेमालकाकांना फोन केला. काका एरवी मुखिया असल्यासारखे ओरडून बोलतात, त्या दिवशी इतके हळू बोलले की बाबांना रिसीव्हर कानात खुपसावा लागला. निरोप असा: तुझ्या घराच्या मागच्या दारापासून पाइनच्या रानापर्यंत रोज सकाळी हेदिकचे ताजे ठसे असतात. मोठे, पुरुषाचे. हेदिक गोल, त्यामुळे माणूस आला की गेला ते कळत नाही. गावातल्या प्रत्येकाची जाळी काका ठशावरून ओळखतात, पण ही विण कोणाचीच नाही. ठसा खोल उठत नाही, म्हणजे माणूस सडपातळ आहे. आणि गावात सडपातळ विधुर एकच आहे.

कहवाखान्यात रिझाकाकांना सरळ विचारलं, तर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, बर्फालाच विचारा.

बाबांनी फोन ठेवला, टीव्ही लावला आणि आवाज न वाढवता बातम्या पाहिल्या. आई ओढणीने तोंड झाकून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडतेय, पण ती भांड्यांच्या कपाटात डोकं घालून हसत होती. रात्री बाबा एवढंच म्हणाले, "माझ्या बाबांना जाऊन अजून सहा वर्षं नाही झाली."

आजी, मला तुझा राग आलेला नाही. बाबांना मी समजावीन. फक्त मला खरं सांग, मधाच्या बरण्या एकंदर किती झाल्या?

निलाय

ता.क. हीटरचं सांगायला गेले होते, पण त्यांचा चेहरा पाहून परत आले.


चामलक, १९ जानेवारी १९९४

निलाय,

आज मुके नाहीत, आधी तुला एक धपाटा.

तुझं पत्र मी गोठ्यात वाचलं. पिवळीने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं, इतकी मी हसले. मग एकदम हसू थांबलं आणि दूध काढायच्या स्टुलावर बसून राहिले.

तो सडपातळ माणूस मी आहे.

माझे हेदिक ओरहानने नेले, पण तुझ्या आजोबांचे माळ्यावर होते. ते मोठे आहेत, तुझ्या आजोबांचा पायच नावेसारखा होता. जाळी उंदरांनी खाल्लेली. मी बकरीचं चामडं भिजवलं, ते पुरलं नाही, तेव्हा कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी मधे विणली. तीच ती कोणाची नसलेली विण. पहाटे गाय पिळून झाली, की गावातले पुरुष अजून अंथरुणात असतात, तेव्हा मागच्या दाराने निघते. बायकांना सगळं ठाऊक आहे. जेमालची बायको रोज माझ्याबरोबर वर येते, आणि घरी जाऊन नवऱ्याच्या तोंडून त्या परक्या माणसाची हकिकत तोंडावर आश्चर्य आणून ऐकते. मला एका शब्दाने बोलली नाही, मजा जाईल म्हणून. आज तिला जाब विचारला तर म्हणाली, "नाजिये ताई, एवढ्या मोठ्या थंडीत आम्हाला दुसरी करमणूक काय?"

आता सांग मी काय करू. ठसे माझे आहेत म्हटलं तर शपथ मोडली, घराला कुलूप आणि मी त्या हिरव्या खोलीत. गप्प बसले तर या वयात लग्नाला निघाले. मी खूप विचार केला, दोन मोज्यांची टाच चुकवून विचार केला. आणि ठरवलं, की लग्नाला निघालेलं बरं.

तू हसशील, पण कोकरा, ही काही माझी पोरकट हौस नाही. आजोबा गेले तो पहिला हिवाळा मी खरोखर शेगडीपाशी बसून काढला. वसंतात उठले तेव्हा गुडघे ऐकेनात, आणि मनाचं तर विचारू नकोस, गुल्बेयाजशीसुद्धा भांडत होते. पुढच्या थंडीत तीच मला हाताला धरून वर घेऊन गेली. वर गेलं की आपलं घर काडेपेटीएवढं दिसतं, धुराडं चालू असतं. वाटतं आत कोणीतरी आहे आणि चहा ठेवलाय. मग मी उतरते, आणि ते कोणीतरी मीच असते. एवढंच आहे ते. हे मला तुमच्या बाल्कनीतून दिसणार नाही, समोर कितीही मिरच्या लावल्या तरी.

बापाला काही सांगू नकोस. रिझाला मी बोलावून विचारलं, तो माणूस तू नाहीस म्हणून का सांगत नाहीस? तो लाजला. म्हणाला, बायको गेल्यापासून कोणी माझी चेष्टासुद्धा करत नव्हतं, आता घरोघरून चहाला बोलावतात. थोडे दिवस राहू द्या. मग मी त्याला काय बोलणार.

बरण्या दोनच.

आजी


इझमीर, २६ जानेवारी १९९४

आजी,

हे पत्र बाबांच्याच खिशातून येतंय. पाकीट तीन ठिकाणी डिंकाने चिकटवलंय.

बाबा दुकान आईवर सोपवून निघाले आहेत. बरोबर रिकामी सुटकेस आहे, तुझे कपडे भरायला. भिंतीवरचे तुझे हेदिकही काढून घेतलेत, वेल काढून. म्हणाले, मी त्या माणसाला रानात गाठून समोरासमोर बोलणार आहे, आणि मग आईला घेऊनच येणार. मी काही बोलले नाही, तू सांगितलंस म्हणून. पण हे तुझ्या हातात आधी पडलं तर दोन दिवस घरात बस. नंतर पडलं तर काय झालं ते कळव, मला इथे झोप लागत नाही.

बाबा रागावलेले नाहीत, आजी. मला वाटतं घाबरलेले आहेत.

निलाय


चामलक, ८ फेब्रुवारी १९९४

माझ्या कोकरा,

सलाम, आणि मागच्या वेळचे राहिलेले धरून डोळ्यांचे दुप्पट मुके. तुझं पत्र मला नंतरच मिळालं. पाकीट ओलं होऊन त्याच्या कोटाच्या अस्तराला चिकटलं होतं. डिंक तू भलताच वापरतेस.

गुरुवारी संध्याकाळी तुझा बाप मिनीबसमधून उतरला तो माझ्याकडे आलाच नाही, जेमालकडे गेला. पहाटे कोठाराआड दबा धरून बसला. पण हेदिक बांधायची सवय सुटलेली, आधी उजवा डाव्या पायात बांधला, मग वाद्या सोडल्या, परत बांधल्या. मान वर करून पाहतो तर माझ्या मागच्या दाराशी ताजे ठसे. त्याला वाटलं माणूस येऊन रानात परत गेला. तो निघाला माग काढत.

आम्ही वर होतो. गुल्बेयाज काथवट पालथी घालून तिच्या बुडाला मेण घासत होती. तेवढ्यात खालच्या पाइनमधून हाक आली. गुल्बेयाज म्हणाली, अस्वल आहे. मी म्हटलं, अस्वल थंडीत झोपतं, आणि ते अल्लाहचं नाव घेऊन हाका मारत नाही.

मी उतरून गेले. ओरहान कमरेइतका बर्फात. डोक्यावर दुकानात घालायची टोपी, गळ्यात तू दिलेला मफलर. हीटरवर वाळलेली जाळी आधी डाव्या पायाखाली फाटली, मग उजव्या. लाकडाच्या नुसत्या दोन कड्या त्याच्या पोटऱ्यांभोवती अडकलेल्या. हलला की आणखी खाली जात होता.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. आजोबांच्या डाव्या हेदिकच्या लाकडाला एक खाच आहे, ओरहान लहान असताना नवीन चाकूची धार पाहायला त्याने ती पाडली होती आणि त्याबद्दल कान पिळून घेतला होता. तो त्या खाचेकडे बघत राहिला. निळ्या दोरीकडे बघितलं, माझ्या मागच्या ठशांकडे बघितलं. तू म्हणतेस ते खरं, तो घाबरलेला होता, आणि ती भीती त्याच्या तोंडावरून हळूहळू उतरताना मी पाहिली.

"आई, तू भाकरीवर हात ठेवला होतास."

"ठेवला होता. भाकरी समजून घेईल. तू घेतोस का बघ."

"अगं पण पडली असतीस तर?"

"ओरहान," मी म्हटलं, "आत्ता आपल्या दोघांपैकी कोण पडलंय?"

गुल्बेयाज काथवट घेऊन खाली आली, मी ती तिरकी धरली, आणि दोघींनी ओढून त्याला आत बसवलं. आता एवढ्या जड माणसाला खाली न्यायचं कसं? एकच वाट होती. मी मागे बसले, त्याच्या कमरेला हात घातले आणि पायाने ढकललं. पहिल्या वळणाला तो मला म्हणत होता, हळू, आई, हळू, हाडं. दुसऱ्या वळणाला गप्प झाला. कुरण संपतं तिथे तो हसायला लागला, निलाय. त्याचा बाप गेल्यापासून तो असा हसलेला मी ऐकला नव्हता. आम्ही थेट जेमालच्या गवतात जाऊन थांबलो. टोपी अजून सापडलेली नाही, बहुतेक सशाकडे आहे.

घरी मी मक्याच्या पिठात लोणी आणि चीज घालून ढवळलं, त्याने कढई पुसून खाल्ली. मग शेगडीपाशी बसला. मला वाटलं आता सुटकेस उघडेल. त्याने चामडं मागितलं. कोमट पाण्यात भिजवत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हेदिकची जाळी नव्याने विणायला बसला. पहिल्यांदा चुकला, उसवलं, पुन्हा घेतलं. मी सांगायला गेले तर म्हणाला, सांगू नकोस, हाताला आठवतंय. तुझ्या आजोबांसारखाच जीभ दाताखाली धरून विणतो.

गाठ मारताना खाली बघूनच म्हणाला, "ती हिरवी खोली निलायला देतो अभ्यासाला. खुर्चीही." शपथेचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

सुटकेस भरूनच पाठवली. अक्रोड आहेत, वाळलेल्या शेंगा आहेत, चीज आहे, रिझाच्या मधाची तिसरी बरणी आहे. राखाडी मोजे घालूनच गेला. तू कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने रेघ काढून पाठव, यंदा हेझल चांगली वाकते. पुढच्या सुट्टीत ये. पुढे बसायला मला तूच लागशील, गुल्बेयाज आता जाड झाली आहे. हे तिला लिहू नकोस.

आता शेवटचं, जे तो तुम्हाला तिथे सांगणार नाही. हे मला जेमालच्या बायकोने सांगितलं.

जायच्या दिवशी मिनीबस यायची होती, तेव्हा तुझा बाप कहवाखान्यात गेला. सगळे होते, रिझाही होता, कोपऱ्यात नव्या टोपीत अंग चोरून. जेमालने विचारलं, काय रे, सापडला का तो माणूस? ओरहानने चहात साखर ढवळली, कप खाली ठेवला, आणि म्हणाला, "हो, भेट झाली. जुन्या ओळखीचा निघाला. भला माणूस आहे, आईला जपतो. माझी काही हरकत नाही."

रिझाने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला म्हणतात.

आज पहाटे मी निघाले. पायात माझेच होते, ओरहानने विणलेले, पण उतारावरून परत आले आणि आजोबांचे घालून दारापासून रानापर्यंत एक फेरी मारली. गाव वाट बघत असतं, त्यांना निराश का करायचं. मी कोठाराजवळून जात होते, तेव्हा आत जेमाल गवत काढत होता. हेदिकचा आवाज ऐकून त्याने मोठ्याने खाकरून घेतलं, आणि त्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून दार आतून लावून घेतलं.

तुझी आजी
नाजिये